नाशिकमध्ये अडीच लाखांत शाश्वत कपड्यांचा ब्रँड: आधी पीस मोजा, रंगाचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये घरूनच सुती, हातमागाच्या, शक्यतो नैसर्गिक रंगाच्या कुर्त्यांचा छोटा ब्रँड सुरू करायचा आहे. गाठीशी अडीच लाख रुपये आहेत. कापड कुठून घ्यायचं, पहिला लॉट किती पीसचा काढायचा, परवाने कोणते लागतात, आणि कपड्याला ‘शाश्वत’ म्हणायचं तर काय काय हवं?

या क्षेत्रात नवीन येणारा प्रत्येक जण कापड आणि रंगापासून विचार सुरू करतो. तुम्ही पडून राहिलेल्या कुर्त्यापासून सुरू करा. सेंद्रिय कापूस घेतला, हातमागावर विणून आणला, डाळिंबाच्या सालीत रंगवला आणि तो कुर्ता दोन वर्षं कपाटात राहून शेवटी निम्म्या किमतीत गेला, तर त्यात गेलेलं पाणी, सरपण, मजुरी सगळं वाया. लहान धंद्यात पर्यावरणाचं आणि खिशाचं सगळ्यात मोठं नुकसान याच एका ठिकाणी होतं. म्हणून आधी हिशेब.

M मापाचा, गुडघ्याखालपर्यंतचा, पूर्ण बाहीचा साधा कुर्ता घ्या. ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड साधारण २.४ मीटर लागतं. दर १८० रुपये मीटर धरला तर ४३२ रुपये. आटणं, काठाचे डाग, ठाणातले तुटके धागे यांची ५ टक्के तूट, म्हणजे २२. कापणी आणि शिलाई २८०. बटणं, दोरा, कॅनव्हास (कॉलरमधलं कडक अस्तर), लेबल मिळून ३५. इस्त्री आणि तपासणी २०, पॅकिंग २०. बेरीज ८०९. शंभरात चार पीस बिघडतात असं धरून आणखी ३२ घाला. झाले ८४१ रुपये. तुमचे दर थोडे इकडेतिकडे होतील, पण रकाने हेच ठेवा. नवशिक्यांच्या कागदावर तूट आणि रिजेक्शन हे दोन रकाने नसतात आणि तिथेच नफा गळतो.

आता वरखर्च. खोलीचं भाडं, वीज, फोन, फोटो, ये-जा असे महिन्याला १२,००० धरा. महिन्यात ८० पीस विकले तर पीसमागे १५० रुपये, एकूण खर्च ९९१. किंमत १,९५० ठेवली आणि जीएसटी नोंदणी असेल, तर ५ टक्के कर वजा जाऊन तुमच्याकडे १,८५७ उरतात. ऑनलाइन विक्रीत पेमेंट गेटवेचे सुमारे ४६ आणि कुरिअरचे ८० काढले तर ७४० हातात. तोच कुर्ता कॉलेज रोडच्या एखाद्या बुटीकमध्ये ३५ टक्के कमिशनवर ठेवलात तर ६५० त्यांचे, तुमच्या वाट्याला १,२०७, म्हणजे नफा २१६. आणि ‘सुरुवातीला स्वस्त ठेवू’ म्हणून किंमत १,६०० केलीत, तर दुकानातून येणारे पैसे आणि तुमचा खर्च बरोबर सारखा होतो. हाती भोपळा.

यातला खरा काटा पुढे आहे. ७२ पीसचा लॉट महिन्यात संपायच्या ऐवजी तीन महिने चालला, तर वरखर्च पीसमागे १६७ वरून ५०० होतो. खर्च १,३४१ झाला आणि दुकान देतंय १,२०७. तोच कुर्ता, तीच किंमत, तरी प्रत्येक विक्रीत १३४ रुपयांचा तोटा. म्हणून लॉट लहान, डिझाइन थोडी, आणि घरातूनच काम करून वरखर्च कमीत कमी.

अडीच लाखांची विभागणी मी अशी सुचवेन. ७२ पीसचा लॉट सुमारे ६०,५००. नमुने शिवून बघायला १५,०००. सहा महिन्यांचा वरखर्च ७२,०००. प्रयोगशाळेतल्या तपासण्या १०,०००, फोटो १०,०००, लेबल आणि पॅकिंगचा साठा ८,०००, ट्रेडमार्क अर्ज ४,५००. सुमारे सत्तर हजार उरतात, ते दुसऱ्या लॉटचे. त्यांना हात लावायचा नाही. यात मशीन नाही हे मुद्दाम. पहिले सहा महिने शिलाई पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीने, बाहेर द्या. पुढे मशीन घ्यायची वेळ आली तर सर्व्हो मोटरचं घ्या. जुनी क्लच मोटर टीप चालू नसतानाही फिरत राहते आणि वीज खाते, सर्व्हो मोटर पायडल दाबलं तरच चालते.

७२ चा आकडा असा बसतो: दोन डिझाइन, तीन रंग, प्रत्येकी १२ पीस. बारांत S एक, M तीन, L चार, XL तीन, XXL एक. सगळी मापं सारखी काढणं ही नेहमीची चूक, शेवटी S चे गठ्ठे उरतात. तीन रंगांपैकी एक कोरा ठेवा, म्हणजे न रंगवलेला, फक्त खळ काढून धुतलेला. त्याच्याइतकं कमी पाणी आणि कमी रसायन दुसऱ्या कशात लागत नाही, आणि उन्हाळ्यात तो खपतोही. दुसरा सूत रंगवून विणलेला घ्या. नैसर्गिक रंगाचा फक्त तिसरा, म्हणजे २४ पीस. त्यातलेही आधी बाराच रंगवा. या पीसना रंगाचा खर्च वेगळा धरा.

कापडाकडे वळू. नाशिक जिल्ह्यात विणकामाची दोन मोठी गावं आहेत आणि दोन्हींबद्दल गैरसमज आहेत. येवला हातमागाचं खरं, पण ते रेशमाचं, पैठणीचं. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. रोजच्या सुती कुर्त्याचं कापड तिथे शोधत बसू नका. काठ, योक (खांद्याजवळचा जोड) किंवा बटव्यासाठी थोडं कापड घ्यायचं तर जा. घेताना उलटी बाजू बघा: हाताने विणलेल्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, यंत्रमागाच्या नकलेत मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात. मालेगाव यंत्रमागाचं. तिथून मुख्यतः ग्रे म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कापड दलालांमार्फत मोठ्या लॉटमध्ये निघतं, आणि त्यात पॉलिस्टर-कॉटन मिश्रण भरपूर असतं. यंत्रमागाचं शुद्ध सुती कापड वापरण्यात काहीच गैर नाही, फक्त त्याला हातमाग म्हणू नका. सुती हातमाग हवं असेल तर आग्रा महामार्गाने धामनोदला वळून मध्य प्रदेशातलं महेश्वर गाठता येतं. तिथे सूत-रेशीम मिश्रण जास्त दिसेल, निव्वळ सुती मुद्दाम मागा. नमुन्यापुरतं दहा-वीस मीटर लागत असेल तर आपली कापड पेठ पुरे.

मिश्रण ओळखायला चार-पाच धागे उपसून चिमट्याने जाळा. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ, बोटाने उडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मिश्रणात राखेत कडक कणी बोटाला लागतात. व्हिस्कोस मात्र सुतासारखंच जळतं, तेव्हा तो धागा ओला करून ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की चटकन तुटतं, सूत उलट ओलं असताना जास्त चिवट होतं.

दुसरी तपासणी आटण्याची, आणि ही प्रत्येक ठाणाची वेगळी करा, कारण हातमागाची दोन ठाणं सारखी नसतात. ५० सेंटीमीटर चौरस तुकडा कापा, आत धुऊनही न जाणाऱ्या पेनने ४० सेंटीमीटरचा चौकोन आखा. रात्रभर भिजवा, साबणाने धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करून मोजा. ४० चे ३८ झाले तर ५ टक्के. उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी मोजा, आकडे वेगळे येतात. हातमागाच्या सुती कापडात ५ ते ८ टक्के आटणं सर्रास असतं. कुर्त्याची लांबी ४४ इंच असेल तर ८ टक्के म्हणजे साडेतीन इंच, L चा कुर्ता पहिल्याच धुलाईत M होतो. उपाय एकच: सगळं कापड कापणीआधी भिजवून, वाळवून घ्यायचं. मीटरमागे चार रुपये वाचवायला ही पायरी गाळली की नंतर पीस परत येतात, आणि येणंजाणं दोन्ही कुरिअर तुमच्या माथी.

शिलाईत तीन गोष्टी मास्टरला आधीच लिहून द्या. पातळ मलमल-केंब्रिकला ११ नंबरची सुई आणि इंचाला १० ते १२ टाके. १६ नंबरच्या सुईने टिपेच्या रेषेत भोकं दिसतात आणि काखेत कापड तिथूनच फाटतं. बाजूच्या शिलाईत एकेक इंच मार्जिन, म्हणजे गिऱ्हाइकाला दोन वर्षांनी कुर्ता सैल करता येईल. कपड्याचं आयुष्य वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. कॉलर-पट्टीचा कॅनव्हास त्याच कापडावर चिकटवून धुऊन बघा. कापड आटलं आणि कॅनव्हास आटला नाही की कॉलरवर फोड येतात, ते कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत. लाकडी बटणं भिजून फुगतात आणि कधी कधी डाग सोडतात, नारळाच्या कवटीची बरी.

काम घरी शिवणाऱ्या बायकांना किंवा बचत गटाला देत असाल तर कापणी एका जागी, एका हाताने करून घ्या आणि नंबर टाकलेले जुडगे द्या. सोबत शिवलेला पक्का नमुना. पहिले दोन पीस तपासल्याशिवाय पुढचे शिवू देऊ नका. चूक पॅटर्नची असेल तर उसवून शिवण्याचे पैसे द्यायचे, टिपेची असेल तर नाही, हे सुरुवातीलाच बोलून ठेवा. आणि पैसे दर आठवड्याला द्या. ‘न्याय्य मजुरी’ असं लेबलवर छापून महिनामहिना थकवणारे ब्रँड कमी नाहीत.

आता रंग. याच्या मोहातच बहुतेक जण या धंद्यात येतात. एका कुर्त्याचं कापड साधारण ३२० ग्रॅम भरतं. नैसर्गिक रंगात कापडाच्या वजनाच्या वीसपट पाणी धरतात, म्हणजे एका भांड्याला साडेसहा लिटर. धुलाई, हिरडा आणि तुरटी (रंग कापडाला धरून राहावा म्हणून), रंग आणि दोन खळबळण्या मिळून सहा पाणी, एकूण ३९ लिटर. ७२ कुर्त्यांना २,८०० लिटर. घरच्या गच्चीवर एवढं होत नाही आणि करूही नये. म्हणून बारा.

डाळिंबाच्या सालीचा रंग आपल्याकडे सगळ्यात शहाणपणाचा. सटाणा, देवळा, मालेगाव हा डाळिंबाचाच पट्टा, आणि शहरातले ज्यूसवाले साल फेकूनच देतात. सालीत टॅनिन भरपूर असल्याने रंग धरतोही चांगला. ३२० ग्रॅम कापडाचं माप असं:

आधी १३ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून तासभर उकळा. पाणी पिवळट तपकिरी होतं, ती खळ आणि कापसाचं मेण. कापडावर पाण्याचा थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत शोषला गेला तर धुलाई झाली, मणी होऊन थांबला तर पुन्हा उकळा. मग ६४ ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा, पिळा आणि न धुता वाळवा. मग ४८ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून बारा तास भिजवा, हलकेच खळबळून घ्या. १२८ ग्रॅम वाळकी साल तासभर उकळून गाळा, ओलं कापड त्यात घाला आणि उकळी न आणता पाऊण ते एक तास सतत हलवत ठेवा. मोहरीसारखा पिवळा येतो. ऑलिव्ह हवा असेल तर शेवटी ३ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) थंड पाण्यात विरघळवून पाच मिनिटं बुडवा. हिराकस हात सैल सोडून घातलं तर रंग गडद होतो खरा, पण लोह सुती धागा कुजवतं आणि वर्षभरात घडीवर कापड चिरतं.

डाग-पट्टे पडतात त्याची कारणं ठरलेली: खळ पूर्ण निघालेली नसते, कोरडं कापड सरळ रंगात टाकलेलं असतं, भांडं लहान असतं किंवा कापडाची घडी पाण्यावर तरंगत राहते. भांडं स्टीलचंच, लोखंडी कढईत पिवळा काळवंडतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी तेच होतं, म्हणून बारा पीस रंगवायचे तर सगळे एकाच पाण्यात, एकाच दिवशी. शिवून मग रंगवणार असाल तर दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा हा रंग घेत नाही आणि सगळ्या टिपा पांढऱ्या उठून दिसतात. हळद आणि बीट यांच्या वाटेला जाऊ नका. हळद उन्हात उडते, बीट पहिल्या धुण्यात. लासलगावच्या कांद्याच्या टरफलांचा रंग दिसतो सुंदर, पण उजेडात टिकायला तोही कच्चाच.

तुरटीचं पाणी निम्मी तुरटी नव्याने घालून पुन्हा वापरता येतं. उरलेलं हिराकसाचं पाणी नाल्यात नको. आपले नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. तांबे आणि क्रोमचे क्षार तर घरात आणूच नका. रंगकाम नियमित, मोठ्या प्रमाणावर सुरू झालं की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा विषय येतो, आणि निवासी सोसायटीत तो सुटणं अवघड. तेव्हा वाढायचं असेल तर सांडपाण्याची सोय असलेल्या रंगाऱ्याकडे काम द्या.

पक्केपणा घरी असा बघा: रंगवलेली पट्टी अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवा. दुसरी पट्टी पांढऱ्या सुती कापडाला टाचून धुवा. तिसरीवर लिंबाचा थेंब टाका. बहुतेक नैसर्गिक रंग तिथे उतरतात, म्हणून धुलाईच्या सूचनेत लिंबू-व्हिनेगर नको हे लिहायलाच हवं. त्यात पास झालेला रंगच घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनसारख्या प्रयोगशाळेत पाठवा. धुणं, ओलं-कोरडं घासणं, घाम आणि उजेड या चार तपासण्या मागा. धुण्याला ५ पैकी ४, उजेडाला ८ पैकी ४ मिळाले तर नैसर्गिक रंगासाठी चांगलं समजा.

‘शाश्वत’ शब्दाचं काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाबाबतच्या फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द वापरले तर त्याला पुरावा आणि स्पष्टीकरण द्यावं लागतं. ‘खादी’ हा शब्द तर खादी ग्रामोद्योग आयोगाच्या खादी मार्कशिवाय वापरायचाच नाही, २०१३ पासून तसे नियम आहेत. हाताने कातलं-विणलं आहे असं विणकराने सांगितलं, एवढ्याने भागत नाही. सेंद्रियचंही तसंच: गॉट्स (सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणित कापड घेतलं म्हणून तुमचा कुर्ता गॉट्स होत नाही, शिलाईसह सगळी साखळी प्रमाणित लागते. त्यापेक्षा लेबलवर सरळ लिहा: ‘कापड १०० टक्के सुती, हातमाग, महेश्वर. रंग डाळिंबाची साल, हिरडा, तुरटी. शिलाईचा दोरा पॉलिस्टर.’ शेवटचं वाक्य लपवू नका. प्रत्येक ओळीमागे एक बिल फाइलला हवं. बिल नसेल तर ती ओळ लेबलवर नको.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार-पॅनवर, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, पण पुण्याऐवजी सुरतला एक कुर्ता पाठवलात तरी राज्याबाहेरची विक्री म्हणून सहसा नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पीसची करपूर्व किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. यात एक गंमत आहे: गिऱ्हाइकाने २,६२५ दिले तरी तुमच्याकडे २,५०० येतात आणि २,९५० दिले तरी तेवढेच. त्यामुळे या दोन आकड्यांमधली किंमत ठेवण्यात काही अर्थ नाही. नावाचा ट्रेडमार्क वर्ग २५ मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्याला ऑनलाइन ४,५०० रुपये. लेबलं छापण्याआधी नाव शोधून घ्या. कर्ज लागलंच तर सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत आहे, पण पहिल्या लॉटसाठी घेऊ नका.

विकायला सुरुवात शहरातूनच करा. डोंगरे वसतिगृह मैदानावर किंवा हॉलमध्ये प्रदर्शनं भरतात. स्टॉल घेण्याआधी भाड्याला १,०१६ ने भागा, कारण १,९५० च्या कुर्त्यात करपूर्व किमतीतून पीसचा खर्च वजा जाऊन तेवढेच उरतात. भाडं १५,००० असेल तर पंधरा कुर्ते फक्त भाड्यापोटी. तेवढे विकले जातील असं वाटत नसेल तर नका जाऊ. जुन्या साड्यांपासून केलेले कपडे मात्र प्रदर्शनातच विका. प्रत्येक नग वेगळा असल्याने ऑनलाइनसाठी प्रत्येकाचा फोटो आणि मापं वेगळी लागतात आणि त्यातच दिवस जातो. जुनी साडी घेताना उजेडासमोर धरून निऱ्यांचा भाग दोन अंगठ्यांनी ओढून बघा. रेशीम बहुधा तिथेच चिरलेलं असतं. कापणीतल्या कात्रणांचे बटवे, केसांचे रबर, गोधडीचे ठिगळ जरूर करा, पण त्यांच्याही शिलाईचे पैसे मोजा. ४० रुपयांच्या रबरावर अर्धा तास गेला तर ती कात्रणं गोधडी शिवणारीला किलोवर दिलेली बरी. सिंहस्थासाठी आतापासून भगव्या कुर्त्यांचा साठा करायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका, तो बाजार या किमतीचा नाही.

कॅलेंडर पावसावर बसवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नमुने, एप्रिल-मेमध्ये कापड धुणं आणि रंगवणं, कारण जूननंतर रंगवलेलं कापड वाळत नाही आणि ओलसर घडीत बुरशीचे काळे ठिपके पडले की निघत नाहीत. पावसाळाभर शिलाई, नवरात्रापर्यंत माल तयार. कापडाचे गठ्ठे भिंतीपासून चार बोटं लांब, लाकडी फळीवर. जुलै-ऑगस्टमध्ये पार्सल पाठवताना कागदी पिशवीवर एक पातळ प्लास्टिकचं आवरण घालाच. भिजून खराब झालेला कुर्ता त्या आवरणापेक्षा महाग पडतो.

दुसरा लॉट तेव्हाच काढा, जेव्हा ७२ पैकी ५० पीस पूर्ण किमतीत गेले असतील. कुठलं माप आणि कुठला रंग आधी संपला ते लिहून ठेवा, दुसऱ्या लॉटचं प्रमाण त्यावरून ठरवा. उरलेल्या बावीस पीसवर लगेच सवलत लावू नका. S चे उरले असतील तर मार्जिन सोडवून M करता येतात, इंचभर मार्जिन त्यासाठीही ठेवलेलं असतं. कोऱ्या रंगातले उरले असतील तर ते पुढच्या एप्रिलमध्ये त्याच डाळिंबाच्या भांड्यात जातील, पण दोरा सुती असेल तरच.